छापील कॅनव्हासची मागची बाजू

आंतरमहाविद्यालयीन चित्रस्पर्धांची नियमपत्रके तुम्ही वाचली असतील तर त्यातली एक ओळ ओळखीची वाटेल: ‘चित्र नव्या, कोऱ्या कॅनव्हासवरच काढलेले असावे.’ गेल्या वर्षी अशाच एका स्पर्धेतून (नाव कशाला घ्या!) आपल्या मंडळातल्या एका मुलीचे चित्र दारातूनच परत आले. कारण काय, तर चित्र उलटे करून पाहिले तेव्हा मागे निळे आकाश आणि अर्धा चारमिनार छापलेला दिसला. एका हॉटेलने रंगकामाच्या वेळी भिंतीवरून काढून टाकलेले ते छापील चित्र होते. हिने ते चौकटीवरून सोडवले, कापड उलटे केले, पुन्हा ताणले, कोऱ्या बाजूला जेसोचे तीन हात दिले आणि त्यावर तैलरंगात आपल्या आजीचे चित्र काढले. आजीचा चेहरा कसा उतरला होता हे कुणी पाहिलेच नाही.

त्याच दालनात एक दुसरे चित्र टांगलेले होते. कॅनव्हास नवा, कोरा, दुकानातून आणलेला. त्यावर फिकट छापून घेतलेला फोटो आणि त्या फोटोवर बरहुकूम चढवलेला ॲक्रिलिक रंग. जवळ जाऊन पाहिले तर जिथे रंगाचा थर पातळ होता तिथे छपाईचे बारीक ठिपके दिसत होते. हे चित्र नियमात बसले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. म्हणून हा लेख. माझे मत आधीच सांगून टाकते: छापील कॅनव्हासचे कापड पुन्हा वापरण्यात काहीही गैर नाही, उलट आपल्यासारख्यांनी ते वापरावेच. त्यावरचे चित्र गुपचूप वापरणे मात्र गैर आहे. स्पर्धांच्या नियमांना हा फरक कळत नाही आणि आपल्यातल्याही बऱ्याच जणांना तो कळत नाही, असे मला त्यानंतरच्या चर्चेत जाणवले.

आधी हे कापड येते कुठून ते पाहू. हैदराबादेत त्याला तोटा नाही. हायटेक सिटीतली एखादी कंपनी मजला बदलते आणि भिंतीवरचे डोंगर, धबधबे, ‘यशाची शिखरे’ सगळे एका ढिगात येऊन पडते. हॉटेले दर काही वर्षांनी सजावट बदलतात. फोटो स्टुडिओत तर फसलेल्या छपाईचा कोपराच असतो: नवरीच्या शालूचा रंग भलताच आला, नावात चूक झाली, गिऱ्हाईक घ्यायला आलेच नाही. एका स्टुडिओत मी नुसते विचारले, तर चाचा म्हणाले, “ऐसाइच पड़ा है, ले जाओ बेटा, जगा खाली होती.” लाकडी चौकटीसकट मिळाले. कॅनव्हासपेक्षा मला त्या चौकटीचेच जास्त अप्रूप वाटले, कारण सरळ, न वाकलेल्या लाकडाची चौकट विकत घ्यायला गेले की खिसा लगेच हलका होतो.

पण मिळाले ते सगळेच कॅनव्हास नसते. आपल्या कॉलेजच्या गोदामात नाताळच्या नाटकाचे आणि स्नेहसंमेलनाचे जे छापील पडदे गुंडाळून ठेवले आहेत, त्यातले बहुतेक फ्लेक्सचे आहेत. त्यांना हात लावू नका. फ्लेक्स म्हणजे पॉलिस्टरच्या जाळीवर चढवलेले पीव्हीसी प्लास्टिक. ते मऊ राहावे म्हणून त्यात तेलकट द्रव्ये घातलेली असतात आणि ती हळूहळू वर येत राहतात. त्यावर तैलरंग लावला तर तो महिनोन्‌महिने चिकट राहू शकतो, ॲक्रिलिक लावला तर पापुद्र्यासारखा सोलून निघतो. ओळखायचे कसे? कापलेली कड बघा. कॅनव्हासचे धागे सुटतात, मागून सरळ विणलेले कापड दिसते. फ्लेक्स मागून-पुढून प्लास्टिकच असतो आणि गुंडाळी उघडली की वास सांगतोच.

खऱ्या कॅनव्हासमध्येही जाती आहेत, आणि इथेच ‘हे टिकत नाही’ असे म्हणणाऱ्यांचे थोडे ऐकून घ्यायला हवे. इंकजेटसाठीचे कापड बहुधा सुती आणि पॉलिस्टरच्या मिश्र धाग्याचे असते. त्याच्या पुढच्या बाजूला एक लेप दिलेला असतो, पण तो चित्रकाराच्या जेसोसारखा नसतो. शाईचा बारीक थेंब पसरू न देता जागच्या जागी शोषून घेणे, एवढेच त्याचे काम. त्यावर पाण्यातली शाई असेल आणि वरून वार्निश नसेल, तर ॲक्रिलिकचा ओला कुंचला फिरवल्याबरोबर लेप फुगतो, शाई सुटते आणि तुमच्या पिवळ्यात खालचा निळा मिसळून सगळे हिरवट होते. थेट तैलरंग लावला तर वेगळी पंचाईत. लेप तेल पिऊन घेतो, रंगाची पूड वर कोरडी राहते आणि चित्र राखाडी, मेलेले दिसते. छपाई यूव्ही शाईची असेल तर पाण्याने काही होत नाही, पण पृष्ठभाग इतका गुळगुळीत असतो की रंगाला धरायला काही सापडतच नाही. वार्निश मारलेल्या छपाईचेही तेच.

म्हणून आधी दोन चाचण्या. ओला कापूस कोपऱ्यावर अर्धा मिनिट घासा. कापूस रंगला तर शाई पाण्यात सुटणारी आहे. मग कोपऱ्यात जेसोचा एक छोटा चौकोन लावा, दोन दिवस वाळू द्या, त्यावर नखाने किंवा ब्लेडने फुली मारून चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. चिकटपट्टीबरोबर जेसो आला तर ती बाजू विसरा. नाही आला तर चांगल्या बारीक पॉलिश पेपरने पृष्ठभाग खरखरीत करून, धूळ पुसून, जेसोचे पातळ थर द्या. एक थर आडवा, दुसरा उभा. शाई सुटणारी असेल तर जेसोच्या आधी पारदर्शक वार्निशचा फवारा मारून ती बंद करावी लागते, आणि तो थर पुरता वाळल्यावर पुन्हा तीच चिकटपट्टीची परीक्षा. एवढ्या उस्तवारीनंतरही गडद छपाई दोन थरांतून डोकावतेच, तिसरा-चौथा द्यावा लागतो.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी, कारण ती मला स्वतःला फार विलक्षण वाटते. तैलरंग जुना होत जातो तसा किंचित पारदर्शक होत जातो. जवसाच्या तेलाचा गुणच तो. म्हणून युरोपातल्या जुन्या चित्रांत चित्रकाराने बदललेला हात किंवा झाकलेली टोपी शेकडो वर्षांनी भुतासारखी वर येते. आज तुमच्या आजीच्या पांढऱ्या पातळाखाली झाकलेला चारमिनार तुमच्या पणतीच्या घरात मिनार दाखवू लागेल! तेव्हा झाकायचे तर जेसोनेच, पूर्ण अपारदर्शक झाकावे. नुसता जाड रंग लिंपून झाकले या भरवशावर राहू नये.

या सगळ्या कटकटीवर साधा उपाय म्हणजे त्या मुलीने केला तो: कापड उलटे करणे. मागची बाजू बहुतेक वेळा कोरी असते, तिथे शाई नाही, लेप नाही. स्टेपल काळजीपूर्वक उपटा (बोटे सांभाळा), कापड उलटे करा, पुन्हा ताणा. जुन्या घड्यांच्या रेषा चौकटीच्या कडेवरच येतील असे बघा, नाहीतर चौकट इंचभर लहान करून घ्या. सुती कापड ओले झाले की आकसून तंग होते. पॉलिस्टर मिसळलेले तितके होत नाही, म्हणून ताण पहिल्यापासूनच घट्ट हवा. एकाने पकडीने ओढायचे, दुसऱ्याने स्टेपल मारायचे, हे दोघांचे काम आहे. कोऱ्या कापडावर थेट तैलरंग मात्र कधीच लावू नये. तेल वाळताना सुती धागा कुजवते, म्हणून जेसोचे दोन-तीन थर हवेतच. आपल्याकडे मे महिन्यात थर अर्ध्या तासात हाताला कोरडा लागतो, पण म्हणून लगेच तैलरंग काढून बसू नका. तीन दिवस जाऊ द्या, पावसाळ्यात आणखी एखादा. आणि जेसो ॲक्रिलिकचा असल्यामुळे त्यावर तैलरंग चालतो. तैलरंगावर ॲक्रिलिक चालत नाही. हा क्रम उलटा करून पस्तावलेले लोक प्रत्येक कलावर्गात एक-दोन तरी सापडतात.

तेव्हा ‘टिकत नाही’ याला माझे उत्तर: निष्काळजीपणे केले तर टिकत नाही, आणि ते दुकानातल्या स्वस्त, पातळ लेपाच्या नव्या कॅनव्हासलाही तितकेच लागू आहे. सार्वजनिक संग्रहासाठी, शंभर वर्षे टिकावे म्हणून काढायचे असेल तर नवे लिनन घ्या, मी अडवणार नाही. आपण शिकतोय. शिकणाऱ्याला दहा चित्रे वाईट काढण्याची मुभा हवी, आणि प्रत्येक वाईट चित्रामागे मेसच्या बिलाइतके पैसे जाणार असतील तर तो अकरावे काढतच नाही. कॅनव्हास महाग म्हणून भीतभीत काढलेली चित्रे मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यात एकही रेघ धीट नसते.

दुसरा आक्षेप प्रतिष्ठेचा. ‘वापरलेल्या कापडावर काय चित्र काढायचे?’ हे ऐकले की मला आमच्या नांदेडच्या घरातली गोधडी आठवते. आजीच्या जुन्या लुगड्यांचे थर, वर धावदोरा. गोधडी शिवायला नवे कापडच हवे अशी अट कुणी घातल्याचे ऐकिवात नाही. आणि चित्रकलेच्या इतिहासात तर वापरलेल्या कापडाची उदाहरणे पावलापावलाला आहेत. व्हॅन गॉगला कॅनव्हासचा खर्च झेपत नसे, तो आपल्याच जुन्या चित्रांवर नवी काढी. १८८७ मधल्या त्याच्या एका गवताच्या चित्राखाली एका बाईचा चेहरा आहे, तो २००८ साली क्ष-किरणांच्या साहाय्याने रंगांसकट दिसला. पिकासोच्या १९०१ सालच्या ‘ब्लू रूम’खाली गालाला हात लावून बसलेला, बो टाय घातलेला एक दाढीवाला निघाला. या दोघांनाही आपल्या त्या स्पर्धेने दारातूनच परत पाठवले असते.

इतक्या लांब कशाला जायचे? पंढरपुरात जन्मलेले मकबूल फिदा हुसेन मुंबईत सिनेमाची होर्डिंगे रंगवत होते, आणि पुढे त्यांनी आपले सिनेमा घर उभारले ते आपल्या बंजारा हिल्सवर. त्या होर्डिंगांच्या धंद्याची रीत काय होती? चौकटीवर ताणलेले कापड, त्यावर नायकाचा दोन मजली चेहरा, आणि चित्रपट उतरला की त्याच कापडावर पांढरा हात मारून पुढचा नायक. आरटीसी क्रॉस रोड्सवर ज्यांनी हाताने रंगवलेली होर्डिंगे पाहिली आहेत ती आधीची पिढी अजून आपल्या घरात आहे, त्यांना विचारा. मग डिजिटल छपाई आली आणि तो धंदा बसला. गंमत बघा, ज्या छपाईने कुंचला खाली ठेवायला लावला तिच्याच टाकून दिलेल्या कापडावर आपण पुन्हा कुंचला धरू पाहतोय.

होर्डिंगांच्या बाबतीत एक हळहळ मात्र खरी आहे. पांढऱ्या हाताखाली जे गेले ते एकेकटे, हाताने काढलेले काम होते. ते पुन्हा मिळणार नाही. त्या काळातली फारच थोडी होर्डिंगे शिल्लक राहिली, याचे एक कारण ही काटकसरच. छापील कॅनव्हासचे तसे नाही. हॉटेलातला चारमिनार ही एक प्रत आहे, मूळ फाईल कुणाच्या तरी संगणकात सुखरूप असते. ती प्रत झाकल्याने जगातले एकही चित्र कमी होत नाही. म्हणून कुणा अनामिक चित्रकाराचे हाताने काढलेले जुने चित्र रविवारच्या बाजारात स्वस्तात मिळाले तर त्यावर जेसो मारू नका असे मी म्हणेन, आणि छापील असेल तर खुशाल मारा म्हणेन.

आता मूळ दुखण्याकडे येते. छपाईवर रंग चढवणे हाही काही आजचा शोध नव्हे. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत गिरगावात सुरू झाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे दगडावरून, एकेका रंगाचा वेगळा ठसा घेत छापलेली असत, आणि ती तैलचित्रासारखी दिसावीत हाच सगळा खटाटोप होता. लोकांनी ती घरी नेऊन त्यांवर जर, मणी, टिकल्या चिकटवल्या, खरे कापड शिवून देवीला साडी नेसवली. संस्थानांच्या काळात फोटोवर हाताने रंग चढवायची तर मोठीच चाल होती. आपल्या सिकंदराबादेत लाला दीनदयाळांचा स्टुडिओ होता त्या जमान्यात फोटोला रंग देणारे कारागीर ठिकठिकाणी पोट भरत होते. त्यात फसवणूक नव्हती, कारण घेणाऱ्याला माहीत होते की हा रंगवलेला फोटो आहे आणि हे सजवलेले छापील चित्र आहे.

आज नेमके तेच माहीत करून दिले जात नाही. १९९१ साली अमेरिकेत जॅक डुगान नावाच्या छपाईकाराने इंकजेट प्रतींसाठी ‘जिक्ले’ असा शब्द काढला, फ्रेंचमधल्या फवारण्याच्या क्रियापदावरून. इंकजेट म्हटले की ऑफिसातला प्रिंटर डोळ्यांपुढे येतो, म्हणून भारदस्त नाव हवे होते. नाव घेतले याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार पुढच्या पायरीबद्दल आहे. अशा प्रतीवर पारदर्शक जेल कुंचल्याने फासतात, त्याचे उंचवटे हाताला लागतात, आणि घेणाऱ्याला सांगतात, ‘हॅंडमेड आहे, हात लावून बघा.’ पकडणे अवघड नाही. भिंगातून पाहा, खाली ठिपके दिसतील. उजेड बाजूने पाडा. कुंचल्याच्या रेघा एकीकडे आणि चित्रातला आकार भलतीकडे जाताना दिसेल, पान वळतेय डावीकडे आणि जेल उजवीकडे. सालारजंग संग्रहालयात रविवर्म्याचे मूळ तैलचित्र आहे, त्यासमोर पाच मिनिटे उभे राहून या. तिथे रंग आकाराबरोबर कसा वळतो हे एकदा डोळ्यात बसले की बाजारातले जेल ओळखायला कुणाची मदत लागत नाही.

काही मित्र म्हणतात, प्रोजेक्टर लावून रेखाटन केले तर चालते, चौकटी आखून फोटो मोठा केला तर चालते, मग फिकट छापून घेतले तर बिघडले कुठे? प्रश्न रास्त आहे. माझ्या मते चालवून घ्यावे, पण पाटीवर लिहावे: ‘छापील प्रतिमेवर ॲक्रिलिक.’ हे तीन शब्द लिहायला जो कचरतो त्यालाच आपण काय लपवतोय ते माहीत असते. शिवाय रेखाटनाच्या गुणांसाठी स्पर्धा असेल तर छापलेल्या रेषेला गुण देणे म्हणजे गाईड बघून उत्तर लिहिणाऱ्याला पहिला नंबर देणे. दुसऱ्याने काढलेला फोटो छापून, त्याच्या परवानगीवाचून, थोडा रंग मारून आपला म्हणणे, हे तर कायद्यातही बसत नाही.

स्टुडिओतल्या फसलेल्या छपाईबद्दल एक गोष्ट राहिली. त्यावर माणसांचे चेहरे असतात. कुणाचे तरी लग्न, कुणाचे बारसे, कुणाचे गेलेले वडील. अशा चेहऱ्यावर जेसोचा ब्रश फिरवताना माझा हात थबकतो. कापड उलटे केले तरी ते अनोळखी कुटुंब तुमच्या चित्रामागे कायम भिंतीला तोंड करून बसणार, आणि पुढेमागे कुणी चौकट उघडली तर त्याला दिसणार. मी आता असे कापड स्टुडिओवाल्यांना विचारल्याशिवाय घेत नाही, आणि घेतलेच तर चेहऱ्यावर आधी जेसोचा जाड हात देते, मग उलटे करते. हे कुणी नियमात घालावे असे मी म्हणणार नाही. डोंगर-धबधबे मुबलक मिळतात, तेच घ्यावेत हे उत्तम.

आपल्या मंडळाचे चित्रप्रदर्शन डिसेंबरात आहे आणि त्याचे नियमपत्रक अजून लिहायचे आहे. माझी सूचना अशी की ‘नव्या, कोऱ्या कॅनव्हासवरच’ ही ओळ आपण उचलूच नये. तिच्या जागी: ‘प्रत्येक चित्राच्या मागे कापड कोणते, ते आधी कशासाठी वापरले होते का, अस्तर कशाचे, रंग कोणता आणि चित्राखाली छापील प्रतिमा आहे की नाही, हे चित्रकाराने स्वतःच्या हाताने लिहावे. परीक्षक चित्र समोरून पाहतील, नंतर मागून.’ क्रम तोच राहावा, आधी समोरून. सरांनी मान्य केले तर नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी कापड ताणायला बसू. माझ्याकडे सात छापील कॅनव्हास आहेत, पाच धबधबे आणि दोन गोवळकोंडे. स्टेपलगन आहे, पकड नाही. कुणाकडे असेल तर घेऊन या.